आधी बोली, मग पाऊल: पतियाळ्यातल्या एका शाळेचा गिद्धा

पंजाबातल्या कुठल्याही शाळेचं वार्षिक संमेलन पंजाबी नाचाशिवाय संपत नाही. शेवटी भांगडा असतो आणि तोवर एकही पालक जागचा हलत नाही. पतियाळ्यात मी ज्या शाळेत शिकवते तिथेही वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. दसरा झाला की बाहेरून कोरिओग्राफर यायचा. गाजलेल्या गाण्यांचे तुकडे जोडलेला ट्रॅक तो सोबतच आणायचा. मुलांना रांगेत उभं करून 'पाँच, छे, सात, आठ' म्हणत स्टेप्स बसवायचा. भाड्याचे कपडे यायचे, मुलं नाचायची, टाळ्या पडायच्या. मुलं सुरेख नाचत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण महिनाभर तालीम करूनही आपण काय नाचलो हे त्यांना सांगता येत नसे. हा झुम्मर होता की लुड्डी, ठेका कुठला होता, गाणं कोण कुणाला म्हणत होतं, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसे.

एका वर्षी ही चाकोरी मध्येच मोडली आणि सातवी-आठवीच्या चौदा मुली त्यातून गिद्धा शिकल्या. गिद्धा म्हणजे पंजाबी बायकांनी फेर धरून, टाळ्यांच्या तालावर बोल्या म्हणत करायचा नाच, आणि बोली म्हणजे त्यात म्हणायचं यमक जुळवलेलं छोटं गाणं. त्या तयारीची ही सविस्तर नोंद. मी समाजशास्त्राची शिक्षिका, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली. त्या वर्षी संमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. महाराष्ट्रातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतही भांगडा-गिद्धा हौसेने बसवला जातो. तिकडच्या शिक्षक मैत्रिणींचे मला दर हिवाळ्यात फोन येतात, 'पंजाबी डान्ससाठी एखादं चांगलं गाणं सुचव ना.' गाणं सुचवण्याआधी त्यांना जे सांगावंसं वाटतं, ते इथे लिहिते आहे.

ट्रॅक रद्द झाला

त्या वर्षीचा ट्रॅक मुख्याध्यापिकाबाईंनी तालीम सुरू होताच नीट कान देऊन ऐकला. एका तुकड्यात बंदूक होती, दुसऱ्यात दारूची बाटली, तिसऱ्यात आपल्या जातीचा रुबाब. ढोल इतका वरचढ होता की आधीच्या वर्षांत शब्दांकडे कुणाचं लक्षच गेलं नसावं. दारू, अमली पदार्थ आणि हिंसेचा गौरव करणारी गाणी कार्यक्रमांतही वाजता कामा नयेत, असं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये बजावलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनेही शस्त्रं आणि हिंसा मिरवणाऱ्या गाण्यांवर बंदी आणली. शाळेपुरतं बोलायचं तर कायद्यापर्यंत जायचीही गरज नाही. अकरा वर्षांचा मुलगा बोटांची बंदूक करून नाचतो, तेव्हा ती स्टेप त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने शिकवलेली असते.

ट्रॅक रद्द झाला. नवा करून द्यायला कोरिओग्राफरकडे वेळ नव्हता. नोव्हेंबर हा इकडे लग्नांचा हंगाम, आणि त्या दिवसांत चांगला नाचणारा किंवा ढोल वाजवणारा शाळेच्या वाट्याला येणं अवघडच. त्याने हात जोडले आणि तो गेला.

दुसरी अडचण जुनी होती, ती या निमित्ताने वर आली. आमच्या भांगड्यात मुली कायम मागच्या रांगेत असायच्या. पुढे मुलगे उड्या मारणार आणि मागे मुली त्याच स्टेप्स जरा लहान करून करणार. मुलींनी भांगडा करण्यात वावगं काही नाही. पंजाबात मुलींचे स्वतंत्र भांगडा संघ आहेत आणि ते जबरदस्त नाचतात. आमच्याकडे मात्र मंच भरलेला दिसावा म्हणून मुली घेतल्या जात. आठवीतली एक मुलगी थेट म्हणाली, "मैम, तुसीं सानूं गिद्धा क्यों नहीं करवाउंदे?" आम्हाला गिद्धा का करू देत नाही? कुणाकडेही उत्तर नव्हतं.

'पारंपरिक' कशाला म्हणायचं

व्यवस्थापनाची एकच अट होती, नाच पारंपरिक हवा. मग मी थोडं वाचलं, थोडं जाणत्यांना विचारलं, आणि लक्षात आलं की ज्या गावात आम्ही बसलो होतो तिथेच मंचावरच्या भांगड्याची घडण झाली होती. मूळचा भांगडा सियालकोट, गुजरांवाला, गुरदासपूर या पट्ट्यातला, वैशाखीच्या सुगीला पुरुषांनी शेतात, जत्रेत नाचायचा. फाळणीत त्यातला बराचसा प्रदेश पलीकडे गेला. इकडे १९४८ ते १९५६ या काळात पेप्सू, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं मिळून एक राज्य होतं. त्या काळात सुनामच्या मनोहर दीपक आणि त्यांच्या भावांनी संच बांधला, ढोलावर बाजीगर समाजातले भाना राम होते, आणि पतियाळ्याचे महाराजा यादविंद्र सिंग यांचा आश्रय मिळाला. १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाला या मंडळींचा भांगडा दिल्लीत पोचला. त्यांनी वेगवेगळ्या भागांतल्या चाली, झुम्मर, लुड्डी असं सगळं एका सादरीकरणात गुंफलं. पुढे विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी तीच बांधणी पक्की केली. आज शाळाशाळांतून दिसतो तो भांगडा हा असा सत्तरेक वर्षांचा आहे.

यात मला कमीपणा काहीच वाटत नाही. उलट, जाणत्या माणसांनी विचार करून घडवलेली ती एक मोठी गोष्ट आहे. पण हे कळल्यावर 'पारंपरिक' या अटीचं ओझं हलकं झालं. पतियाळा माळव्यात येतं, सतलजच्या दक्षिणेकडच्या पंजाबात. इथल्या घरांत गिद्धा अजून जिवंत आहे. लग्नाच्या आदल्या रात्री 'जागो' नावाची मिरवणूक निघते तेव्हा बायका गिद्धा घालतात. श्रावणात 'तीयां' होतात, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि संध्याकाळी फेर धरतात. मराठी वाचकाला इथे आपोआप मंगळागौर आठवेल, आणि आठवावीच. दोन मुली हातांची कैची करून गरगर फिरतात ती 'किकली' पाहिली तर फुगडीपेक्षा वेगळं काय, असा प्रश्न पडतो. म्हणून गिद्धा ठरला. शिकवणार कोण, हे मात्र ठरायचं होतं.

बेबे

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिची आजी नाभ्याजवळच्या एका गावात राहते. माळव्यात आजीला बेबे म्हणतात. लग्नाकार्यात बोल्या घालायला बेबेला आसपासच्या गावांतून बोलावणं येतं, असं नात म्हणाली. हवापालटासाठी ती लेकाकडे शहरात आलेली होती. आम्ही तिला शाळेत येण्याची विनंती केली. मी मराठी आहे हे कळल्यावर तिने आधी हजूर साहिबची चौकशी केली. नांदेडची यात्रा तिने केलेली होती. मग "भगत नामदेव जी दे देस दी हैं तूं" असं म्हणत डोक्यावर हात ठेवला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे, त्यामुळे पंजाबात मराठी माणसाची ओळख अशी पुष्कळदा आधीच झालेली असते.

संगीताच्या खोलीत सतरंजीवर मुली बसल्या. त्यांना वाटलं बेबे उभी राहून स्टेप दाखवेल. बेबे बसूनच राहिली. म्हणाली, "पहलां बोली पाओ." आधी बोली घाला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीलाही अख्खी बोली येत नव्हती. चित्रपटांतून आणि लग्नांतल्या डीजेवरून कानावर पडलेली अर्धीमुर्धी ओळ प्रत्येकीकडे होती, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही नाही.

गिद्ध्याची सगळी रचना बोलीवर उभी आहे. एक जण बोली 'घालते', म्हणजे पुढे होऊन एकटी म्हणायला लागते. ओळीमागून ओळ येते, यमक जुळत जातं, बाकीच्या तोवर ऐकतात. शेवटची ओळ आली की सगळ्या जणी ती उचलतात, टाळी दुप्पट होते आणि त्याच क्षणी दोघी फेरातून मध्ये येऊन नाचतात. ओळ संपली की परत जागेवर. पुन्हा शांतता, पुन्हा दुसरी कुणीतरी नवी बोली घालते. बोली कुठे संपणार हे ज्या मुलीला ठाऊक नाही, तिला मध्ये कधी यायचं ते कळूच शकत नाही. ट्रॅकवर नाचताना आकडे मोजून हे भागतं, कारण ट्रॅक दर वेळी तेवढाच असतो. जिवंत बोलीत गाणारी एखादी ओळ लांबवते, थांबते, हसते. आकडे तिथे उपयोगी पडत नाहीत.

म्हणून सुरुवातीच्या तालमींत एकही पाऊल शिकवलं गेलं नाही. बोली आणि टाळी, एवढंच. दोन-तीन पालकांनी विचारलं की डान्स कधी सुरू होणार. मुख्याध्यापिकाबाई पाठीशी उभ्या राहिल्या, म्हणून निभावलं.

टाळीचं शिक्षण

टाळी कुणालाही येते असं वाटतं, पण गिद्ध्याची टाळी शिकावी लागते. मुली पहिल्या दिवशी जी वाजवत होत्या ती कौतुकाची टाळी होती, तळहात वाटीसारखे, कोपर अंगाला चिकटलेले. तिचा आवाज बसका येतो आणि चौदा जणींचा मिळून नुसता गलका होतो. बेबेने एकेकीचे हात हातात घेऊन बसवले. बोटं जुळलेली, तळवे सपाट, एक हात दुसऱ्यावर किंचित तिरका, कोपर अंगापासून सुटलेले, टाळी छातीच्या उंचीवर. असा हात पडला की आवाज कोरडा आणि स्वच्छ निघतो. मग तिने टाळीला गुडघा जोडला. प्रत्येक टाळीला गुडघा थोडा लवतो आणि लगेच उचलला जातो. हे जमलं की अंग आपोआप डोलायला लागतं आणि खांदे सैल होतात. पुढे टाच जोडली. इकडे तिला अड्डी म्हणतात. टाच जमिनीवर आपटायची, पण वजन टाचेवर टाकायचं नाही, ते पंजावर ठेवायचं. हे न सांगता मुलींना सिमेंटच्या जमिनीवर सोडलं तर आठवड्याभरात टाचा आणि नडग्या दुखायला लागतात. आम्ही सतरंजीवरच सराव ठेवला आणि उभ्याने नाचण्याचा वेळ आवरता ठेवला.

मुलींची मोठी अडचण म्हणजे लय पळायची. शेवटची ओळ आली की उत्साहाने टाळी धावत सुटायची आणि गाणारी मागे राहायची. यावर बेबेने घडा मागवला. पाण्याचा साधा मातीचा घडा. तो मांडीवर घेऊन बोटातल्या अंगठीने आणि तळहाताने वाजवायचा. घड्याचा आवाज मऊ असतो. तो ऐकू यायचा तर टाळी आवरावी लागते, आणि आवरली की लय आपोआप ताब्यात येते. एका मुलीला घड्यावर आणि एकीला ढोलकीवर बसवलं, बाकीच्या बारा जणी फेरात. ढोल आम्ही घेतलाच नाही. मोकळ्या मैदानात, उड्यांच्या नाचाला तो शोभतो. बंद सभागृहात डग्याचा, म्हणजे ढोलाच्या जाड काठीचा, एक तडाखा बसला की मुलींची बोली त्याखाली गाडली जाते. याआधी पंजाबी नाच आणि ढोल नाही, ही कल्पना आमच्या शाळेत कुणी केली नव्हती. गिद्ध्यात तो नसला तरी काही अडत नाही, कारण तालाचं काम टाळी करते.

बोल्या कुठल्या घ्यायच्या

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला. बेबेच्या बोल्यांत पाऊस होता, झोका होता, चरखा होता, भावाची वाट पाहणं होतं, आणि सासूही होती. भरपूर होती. एका मुलीच्या आईने रास्त शंका काढली, तेरा वर्षांच्या मुलींच्या तोंडी सासूचे टोमणे कशाला? आम्ही हा प्रश्न बेबेपुढेच ठेवला. तिचं म्हणणं असं होतं की लग्नानंतरची कितीतरी वर्षं घरात तिला तोंड उघडायची सोय नव्हती. श्रावणात तीयां आल्या की फेरात उभं राहून हवं ते म्हणता यायचं, आणि फेरात म्हटलेल्याचा राग कुणी धरायचा नाही, असा रिवाज होता. मुली एकदम गप्प झाल्या आणि मग त्यांनी खूप प्रश्न विचारले. माझ्या समाजशास्त्राच्या तासाला असे प्रश्न क्वचितच येतात.

आम्ही सासूची एक बोली ठेवली. माझं मत स्पष्ट आहे, गिद्ध्यातून बायकांची तक्रार काढून टाकली तर मागे रंगीत कपडे उरतात. मात्र बोली कुणाची, कुठल्या काळातली, हे मुलींना समजलेलं हवं. ज्या बोल्यांत थट्टा अंगाच्या ठेवणीवर किंवा रंगावर घसरत होती, त्या बेबेनेच बाजूला केल्या.

महाराष्ट्रात पंजाबी गाणी शिकवणाऱ्यांसाठी उच्चाराची एक गोष्ट महत्त्वाची. शब्दाच्या सुरुवातीला येणारे घ, झ, ढ, ध, भ पंजाबीत तसे उच्चारले जात नाहीत. ते क, च, ट, त, प यांच्या जवळ जातात आणि पुढचा स्वर खाली दबतो. 'घड़ा' ऐकायला 'कड़ा'सारखा लागतो, 'भाबी' 'पाबी'सारखी. देवनागरीत लिहिलेली बोली आपण जशी वाचू तशी ती पंजाबात कुणी म्हणत नाही. आमच्या मुली गुरमुखी वाचतात, पण शाळेत दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलल्यामुळे त्यांच्याही जिभेवरून हा दाब निसटला होता. तो वहीतून शिकवता येत नाही. बेबे म्हणायची, त्या म्हणायच्या, इतकंच. फेरात तीन मुलींच्या घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलली जाते. त्यांनी हा दाब इतरांपेक्षा लवकर उचलला, कारण त्या वहीकडे न पाहता कानाने शिकत होत्या.

मग मुलींनी स्वतः बोल्या रचायला सुरुवात केली. यासाठी पंजाबीत एक तयार साचा आहे, 'बारी बरसी खटण गिआ सी', बारा वर्षं तो कमवायला गेला होता. पुढच्या ओळीत त्याने कमवून काय आणलं ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत त्याला यमक जुळवायचं. वस्तू कुठलीही चालते, अर्थाचा संबंध नसला तरी चालतं, यमक मात्र पडलंच पाहिजे. सातवीतल्या एकीने घातलेली ही बोली:

बारी बरसी खटण गिआ सी, खट के लिआंदा बस्ता,
मींह पिआ तां डुब्ब गिआ साडे स्कूल दा रस्ता.

त्याने दप्तर आणलं, आणि पाऊस पडला तर आमच्या शाळेचा रस्ताच बुडाला. पावसाळ्यात शाळेसमोर खरोखरच गुडघाभर पाणी साचतं. सगळ्या जणी ही ओळ अशा काही तावाने उचलायच्या की घडा ऐकूच यायचा नाही. बेबेला ही बोली आवडली आणि कार्यक्रमात ती घ्यायचं ठरलं. दुसऱ्या एकीने भाऊ कॅनडाला गेल्यावर रिकाम्या झालेल्या खोलीवर बोली रचली. ती सरावात म्हणताना एकदा तिचा आवाज भरून आला, आणि मंचावर म्हणायची नाही असं तिने स्वतः ठरवलं. आम्ही आग्रह केला नाही.

धूर, फेर आणि कपडे

ऑक्टोबरच्या अखेरीला भातकापणीनंतरचे खुंट, पराली, जाळण्याला जोर येतो आणि माळव्याची हवा राखाडी होते. मैदानावरची तालीम बंद करावी लागली. संगीताची खोली लहान, तिथे फेर दाटीवाटीनेच उभा राहायचा. गंमत अशी की त्या दाटीत टाळ्या जुळल्या. शेजारणीचा हात ऐकू येत होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मैदानावर मोकळ्या अंतराने उभ्या असताना हे झालं नव्हतं.

मंचाचा प्रश्न अवघड होता. गिद्धा आतल्या बाजूला तोंड करून, फेरात नाचला जातो. घराच्या अंगणात तो सगळीकडून पाहता येतो, सभागृहात मात्र प्रेक्षकांना निम्म्या मुलींच्या पाठी दिसतात. कोरिओग्राफर अशा वेळी फेर मोडून सरळ रांगा करतात, आणि रांगा आल्या की पुढची-मागची आली. आम्ही फेराचं तोंड प्रेक्षकांच्या बाजूला उघडलं आणि अर्धवर्तुळ केलं. प्रत्येक बोलीनंतर सगळ्या जणी एक जागा सरकायच्या. डाव्या टोकाला एक उभा माइक. त्या जागेवर जी येईल, ती बोली घालणार. उजव्या टोकाच्या दोघी मध्ये येऊन नाचणार. अशा रीतीने फेरातली प्रत्येक मुलगी आळीपाळीने गाणारी झाली, नाचणारी झाली आणि साथ देणारी झाली. 'माझी मुलगी मागे का?' ही दरवर्षीची तक्रार त्या वर्षी एकाही पालकाने केली नाही. टाळ्यांनी माइक फाटू नये म्हणून तो गाणारीच्या हनुवटीजवळ आणि टाळ्यांपासून दूर ठेवायचा, आवाज कमी ठेवायचा, एवढी तांत्रिक काळजी पुरली.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. भाड्याचे चमचमते सेट घेतले नाहीत. घरात आईची किंवा आजीची फुलकारी, म्हणजे भरतकामाची ओढणी, असेल तर ती, नसेल तर साधी रंगीत ओढणी. सलवार-कमीज ज्याची त्याची. परांद्या, म्हणजे वेणीत गुंफायचे गोंडे, आणि डोक्यावरचा दागिना सग्गी-फुल हे सगळं किल्ला चौक आणि अदालत बाजारातून एकत्र आणलं. जुत्तीचा मात्र विचार करावा लागतो. कोरी जुत्ती टाचेला चावते, आणि तिचा चामड्याचा तळ गुळगुळीत मंचावर घसरतो. आधीपासून घालून मऊ केलेली जुत्ती ज्यांच्याकडे नव्हती त्या अनवाणी नाचल्या.

मुलग्यांनाही काहीतरी हवं होतं. माळव्यात पुरुषांचाही गिद्धा असतो, मलवई गिद्धा. त्यात बोल्या असतात, वाजवायचा चिमटा असतो, 'सप्प' नावाची लाकडी पट्ट्यांची उघडझाप करणारी जाळी असते, आणि काठीच्या टोकावर दोरीने हलणारी लाकडी खार, 'काटो'. शाळेच्या बसचे ड्रायव्हर वीरजी मानसा जिल्ह्यातले. त्यांना हे सगळं येत होतं, आणि आजवर शाळेत कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी सहा मुलग्यांकडून दोन बोल्या बसवून घेतल्या. पगडीबाबत आम्ही एक पथ्य पाळलं. शिवून तयार केलेल्या टोपीसारख्या पगड्या आणल्या नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर पग नीट बांधली गेली, शीख मुलग्यांची त्यांच्या घरच्या माणसांनी वेगळ्या खोलीत, आणि बाकीच्यांची त्यांच्या पालकांना विचारून. इथे पग पोशाखातली एक वस्तू म्हणून हाताळायची नसते. बाहेरच्या राज्यांत भांगडा बसवताना हे बऱ्याचदा सुटतं.

मंचावर

साउंडवाला दादा शेवटपर्यंत पेनड्राइव्हची वाट पाहत होता. "मैडम जी, गाणा?" असं त्याने पडदा उघडायच्या क्षणीही विचारलं. घड्यावर पहिला हात पडला आणि सभागृहात कुजबुज झाली, कारण लोक ढोलाच्या तयारीत होते. पहिली बोली संपून टाळी उचलली गेली तेव्हा मागच्या रांगांतल्या आज्या आणि आत्या हातांनी साथ द्यायला लागल्या होत्या.

चौथ्या बोलीत आठवीतली एक मुलगी तिसरी ओळ विसरली. माइकपाशी ती नुसती उभी. शेजारच्या मुलीने तिथूनच, माइकशिवाय, ओळ उचलली. विसरलेलीने मान डोलावून पुढची घेतली आणि शेवटच्या ओळीवर दोघी मध्ये येणाऱ्या जोडीबरोबर स्वतःच नाचायला गेल्या. तसं ठरलेलं नव्हतं. चौघी मध्ये नाचल्या आणि फेराने टाळी एक आवर्तन लांबवली. कुणालाही चूक झाली असं वाटलं नाही. ट्रॅक असता तर तो पुढे निघून गेला असता आणि ती मुलगी मंचावर एकटी पडली असती. महिनाभर आम्ही नेमकं काय शिकवलं याचा माझ्या दृष्टीने हाच पुरावा. त्या मुलींना नाच आतून कळला होता, म्हणून त्या तो सावरू शकल्या.

शाळेच्या रस्त्याची 'बस्ता'वाली बोली सगळ्यात शेवटी घेतली. रस्त्याची ओळ आली आणि पालकांत असा हशा पिकला की ती तीनदा म्हणावी लागली. पहिल्या रांगेत शाळेचे विश्वस्त बसले होते, तेही हसत होते.

त्यानंतर

बोल्यांची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. गुरमुखीत, प्रत्येक बोलीखाली ती कुणाकडून आली त्या बेबेचं किंवा आईचं गाव लिहिलेलं. संमेलनानंतर मुलींनी आपापल्या घरून आणखी बोल्या आणल्या. काही एकाच बोलीची तीन-तीन रूपं आहेत, ती तिन्ही आम्ही ठेवली.

सगळंच जुळून आलं असं नाही. मुलग्यांच्या दोन बोल्या फार लवकर संपल्या आणि त्यांना आणखी वेळ द्यायला हवा होता असं वीरजींचं म्हणणं आहे, ते मला पटतं. काही पालकांना ढोल हवाच आहे. त्यांच्यासाठी पुढच्या संमेलनात भांगडाही राहील, मुली आणि मुलगे एकत्र, पण एका ठेक्यावर. ढोलवाले उस्ताद मैदानात येऊन आधी डगा आणि तिल्ली, म्हणजे ढोलाची बारीक काठी, यांचे बोल मुलांच्या तोंडून म्हणवून घेणार आहेत, पावलं त्यानंतर. लग्नाच्या हंगामात ते मिळत नाहीत म्हणून त्यांची तारीख सप्टेंबरातली धरली आहे.

गिद्ध्याची तालीम यापुढे श्रावणात सुरू होईल. तेव्हा तीयां असतात, घराघरांत बोल्या म्हटल्या जातात, धूर नसतो, आणि शाळेच्या मागच्या शिसमाला झोका बांधता येतो. सहावीच्या नव्या मुलींना शिकवायचं काम आठवीच्या मुलींनी मागून घेतलं आहे. बेबे गावी परत गेली. मुली तिला फोन लावून नवी बोली ऐकवतात, आणि यमक चुकलं की ती फोनवरच ओळ बदलायला लावते.